तळ्याकाठची हाळी

सेलूच्या स्टँडावर जिंतूरची एसटी लागली की आधी रुमाल आत जातो, मग पिशवी, आणि जागा उरली तर माणूस. माझा रुमाल खिडकीतून आत पडला. आतल्या मावशीनं त्याच्यानं लेकराचं नाक पुसलं आणि तो माझ्याच हातात परत दिला.

"तुमचाच हाय का हो?"

"आतापर्यंत होता," मी म्हणलो आणि उभ्यानं प्रवासाला लागलो.

निघालो होतो खून बघायला. म्हणजे खुनाची जागा बघायला. मोबाईलवर न उलगडलेल्या खुनांच्या गोष्टी ऐकायचा मला लय नाद. दूरदेशी कुठल्या तळ्याकाठच्या शहरात कुणी कुणाला मारून पाण्यात ढकललं, सगळं पाठ. एक दिवस आत्याचा दिवाळीचं बोलावणं करायला फोन आला, तेव्हा मी तिला अशीच एक गोष्ट सांगायलो होतो. ती म्हणाली, "तेवढ्या लांबचं कशाला ऐकतूस? आमच्या तळ्यावर झालाय की खून. करणारा अजून घावला न्हाई."

माझ्या हातातला लाडू तिथंच थांबला. आपल्या जिल्ह्यात, आपल्या आत्याच्या गावात, आणि मला पत्ता नाही!

आत्याचं गाव जिंतूरच्या पुढं, धरणाच्या पाण्याकाठी आहे. गावाला धरण म्हणवत नाही, सगळे तळंच म्हणतात. गावाचं खरं नाव मी सांगणार नाही, कारण मला तिथं परत जेवायला जायचंय. आपण त्याला काठवाडी म्हणू.

माझा धंदाही सांगून टाकतो. मी नकला करतो. हळदीला, गणपतीत, शाळेच्या गॅदरिंगला. शाळेत असताना हजेरी दोनदा द्यायचो, एकदा माझ्या आवाजात आणि एकदा घरी झोपलेल्या दोस्ताच्या. एकदा गणिताच्या सरांच्या आवाजात खिडकीमागून "आज तास होणार नाही" म्हणलो, तर अख्खा वर्ग घरी गेला. सरसुद्धा निघाले होते, असं पोरं सांगतात. ते मात्र खोटं आहे.

एसटीत कंडक्टरचा आवाज घशातून निघून नाकातून बाहेर पडत होता. "पुढं सरकाऽऽ, मागं लय जागा हाय!" मी मागून तस्साच म्हणलो, "पुढं सरकाऽऽ!" माणसं खरंच सरकली. कंडक्टर वळून बघायला लागला तेव्हा मी खिडकीतून कापूस बघायलो होतो. सोयाबीन निघालेलं, काळी रानं उघडी पडलेली, मधूनच उभी तूर. जिंतूर सोडलं, दुसरी गाडी धरली, तिचं चाक बसलं, सगळे खाली उतरून चाकाभोवती डॉक्टरसारखे उभे राहिलो. मग एका चढावर गाडी चढली आणि समोर एकदम पाणी. एवढं पाणी आमच्या परभणी जिल्ह्यात बघितलं की आधी विश्वास बसत नाही, मग राग येतो की हे आमच्या नळाला का येत नाही.

आत्याचं घर गावाच्या कडेला. आत्याचे सासरे, दादाराव आबा, ओसरीवर बसले होते. गळ्यात तुळशीची माळ, हातात काठी, आणि खोकला असा की आधी दोन बारीक ठसके, मग एक मोठा, आणि शेवटी "पांडुरंगा". मी तो तिथल्या तिथं जमा करून घेतला.

"काय करतूस रे सध्या?" आबांनी विचारलं.

"नकला करतो, आबा."

"पोटासाठी?"

"हो."

"अन् काम?"

आत्या आत फिसकन हसली. मग मला चुलीपाशी ओढून दबक्या आवाजात म्हणाली, "हे बघ बाळ्या, खुनाचं नाव आबासमोर काढायचं न्हाई. तोंडाला आवर घाल."

"का? आबांनी केला का?"

पाठीत धपाटा बसला. ताटातले धपाटे नंतर आले, दह्यासोबत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुशीला (चुरमुरे भिजवून फोडणीला टाकतात तो आमच्याकडचा नाश्ता) खाल्ली. आबा देवळात गेले तशी आत्या अंगणात मासे घेऊन बसली. आबा माळकरी, म्हणून मासे बाहेर, तीन दगडांच्या चुलीवर. खवले काढता काढता तिनं सगळं सांगितलं. तिच्या लग्नाच्याही आधीची गोष्ट.

तळ्यावर शेषेराव नावाचा होडीवाला होता. जाळीपण तोच सांभाळायचा. आणि खंडूतात्या नावाचे मेंढपाळ होते, आबांचे जिवलग. सुगी झाली की त्यांची मेंढरं आबांच्या रानात बसायची. (मेंढरं बसवणं म्हणजे कळप मुक्कामाला रानात कोंडतात. लेंड्या-मुताचं खत रानाला, आणि मेंढपाळाला ज्वारी-भाकरी शेतकऱ्याकडून.) खंडूतात्याचं आणि होडीवाल्याचं एकदा चांगलंच वाजलं होतं, मेंढरं पाण्यावर उतरताना जाळ्या तुडवतात म्हणून. सगळ्या गावानं ते भांडण ऐकलेलं.

"मग एका दिवशी मेंढरं आबाच्याच रानात बसलेली. आबा तिथंच खाटंवर. दिवेलागणीला तळ्याकडून खंडूतात्याची हाळी ऐकू आली. हाळी म्हणजे मेंढरांना बोलवायची हाक. हरेकाची येगळी असती. सकाळी होडीपाशी शेषेराव पडलेला. डोस्कं फुटलेलं."

"आणि आबांनी सांगितलं?"

"फौजदारानं इचारलं, त्यानला जे ऐकू आलं ते सांगितलं. माळेवर हात ठेवून गवाही दिली. खंडूतात्या म्हणत व्हते, मी पालात तापानं पडलो व्हतो, तळ्यावर गेलोच न्हाई. पोलिसांनी नेलं, ठेवलं, सोडून बी दिलं. पुरावा न्हाई. पण मंग गावात कोणी मेंढरं बसवू देईना. गेले बिचारे दुसरीकडं. यंदा पहिल्यांदाच वढ्यापल्याड येऊन उतरलेत. तवापासून आबा सांज झाली की कवाड लावून घेतेत. हाळी ऐकू येती ना."

आत्यानं माशाचं डोकं कापलं. मला आता माशाकडं बघवेना. पण जेवताना बघवलं. ज्वारीची भाकरी आणि तळ्याचा मासा समोर असताना मी फार वेळ हळवा राहू शकत नाही.

दुपार कलली तसा खुनाची जागा बघायला गेलो. आता तिथं काय असणार? बाभळी, चिखल, एक पालथी होडी, तिच्यावर बसून एक बगळा माझी चौकशी करायलेला. मी फोटो काढायला पुढं सरकलो आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. पाय निघाला, चप्पल राहिली. उकरून काढायलोच होतो तर मागून कशानं तरी धाडकन ढकललं आणि मी त्याच चिखलात तोंडावर.

एडका होता. त्याच्यामागं पन्नाशीकडं झुकलेली एक बाई पदर तोंडाला लावून हसत होती.

"त्येला वाकलेला मानूस खपत न्हाई, दादा."

ही रुख्मा, खंडूतात्यांची सून. तात्यांचे गुडघे गेले तेव्हापासून कळप तीच चारते. मी दादारावांच्या घरचा पाव्हणा म्हणल्यावर तिचं हसू जरा आखडलं. मग माझ्या अवताराकडं बघून परत सुटलं. "चला, पालावर तोंड धुवा. असं गेलाव तर आत्या वळखायची न्हाई."

पाल (तंबू) ओढ्यापल्याड उंचवट्यावर होतं. बाहेर घोंगडीवर खंडूतात्या बसलेले. वाळलेलं अंग, लाल पटका, मिशा मात्र तरुण. माझ्याकडं बघून म्हणाले, "एडक्यानं पाव्हण्याची मुंज केली वाटतं."

मला माणूस तिथंच आवडला. शेळीच्या दुधाचा चहा आला. मी नकला करतो कळल्यावर त्यांनी फर्माईश केली. कंडक्टर काढला, आत्या काढली, गणिताचे सर काढले. तात्या मांडीवर थापा मारायलेले. त्या भरात मी न विचार करता दोन बारीक ठसके काढले, मग एक मोठा, मग "पांडुरंगा".

तात्यांची थाप मांडीवरच थांबली. रुख्मा माझ्याकडं डोळे वटारून बघायली. मला वाटलं, गेलं, आता एडका सोडतात.

"पुन्यांदा काढ," तात्या म्हणाले.

मी परत काढला.

"बोल बरं त्येच्यावानी. कायबी बोल."

मी आबांच्या आवाजात म्हणलो, "अन् काम?"

तात्यांनी तळ्याकडं बघितलं. "लय म्हातारा झालाय की दादाराव," ते म्हणाले. "तरणा व्हता तवा निस्ता पांडुरंगा म्हणायचा. ठसके नव्हते."

मग ऊन उतरलं तशी त्यांनी हाळी दिली. "हुर्रऽऽर्र यॉव, यॉव!" आणि शेवटी दातातून एक तुटकी शीळ. पसरलेल्या कळपातली एकूण एक मेंढी मान वर करून ओरडली. बें-बें करत सगळा पांढरा-काळा गोतावळा पालाकडं यायला लागला, जसं काही शाळा सुटली.

मला राहवेना. म्हणलो, मी काढू? काढली. हुर्रऽऽर्र यॉव, यॉव, शीळ. रुख्मा म्हणाली, "अगाई! डोळे मिटले तर तात्याच!" पण मेंढरांनी ढुंकून बघितलं नाही. एकीनं तर माझ्याकडं पाठ करून लेंड्या टाकल्या. आजपर्यंत कार्यक्रमात टमाटे खाल्लेत, पण असा अपमान नाही.

रुख्मा ओढ्यापर्यंत पोचवायला आली. "सोमवारच्या बाजारात कळप इकायलोत," ती म्हणाली. "माझ्याच्यानं होत न्हाई आता एकटीच्यानं. तात्याचं येकच म्हणणं. इकायच्या आधी येक डाव मेंढरं दादारावाच्या रानात बसावीत. म्हनून तर हितं उतरलो. पन इचारायला जात न्हाईत. म्हनतेत, बोलावलं तरच जायचं."

"मी विचारू का?"

"तुमी?" तिनं माझ्या चिखलाच्या कपड्यांकडं बघितलं. "इचारा. पन तोंड सांभाळून."

दोन दिवसांत दोन बायकांनी मला तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर आबा आखाड्यावर (शेतातलं राहायचं खोपटं) निघाले, तसा मीपण पाणी प्यायचा तांब्या घेऊन मागं. आबांचं रान तळ्याला लागून. सोयाबीन निघालेलं, नांगरट व्हायची होती. ओढ्याच्या पलीकडं रुख्माची मेंढरं चरायलेली. आबा मुद्दाम तिकडं पाठ करून बसले.

मी लांबून सुरुवात केली. "आबा, रानाला खत घातलंय का औंदा?"

"दुकानातलं आणू."

"लेंडीखत चांगलं म्हणतेत."

आबांनी माझ्याकडं बघितलं. "कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतेत."

"आत्यानं पढवून पाठवलंय का तुला?"

"न्हाई. आत्यानं तर तोंड सांभाळ म्हणलंय."

"मंग सांभाळ की!" आबा कडाडले. मग खाली बघून माळ चाचपली. "माझ्या कानानं ऐकलंय, बाळ्या. मी काय बनावट सांगितलं? खंडूची हाळी मला झोपेत बी कळती. दोस्त म्हणून खोटं बोलायचं व्हतं का मी?"

मी गप्प झालो, तांब्या उचलला आणि पाण्याकडं उतरलो. पण माझ्या गप्प राहण्याला फार आयुष्य नसतं. आबांना हाळी झोपेतसुद्धा कळते ना? मग बघू तरी. बाभळीच्या मागं गेलो, तोंडाशी हात धरला आणि पोटातून काढली.

"हुर्रऽऽर्र यॉव, यॉव!" आणि तुटकी शीळ.

आखाड्याकडून काठीचा आवाज आला. "खंडू!" आबा धडपडत खाली यायला लागले. "खंडू, माझ्या रानात पाय टाकलास? कुठं हायेस? पुढं ये!" आवाजात राग होता, पण पूर्ण राग नव्हता. बाभळीला वळसा घातला तर समोर मी, हातात तांब्या.

असं तोंड मी कुणाचंच बघितलं नव्हतं. त्यांनी काठी उगारली. मी डोक्यावर तांब्या धरला. "मीच होतो, आबा. नक्कल केली. मारू नका, तांब्या आत्याचा आहे."

काठी वरच राहिली. आबा मला बघत नव्हते. माझ्या खांद्यावरून ओढ्यापल्याड बघायलेले. मेंढरं खाली मान घालून चरायलेली होती. एकीनंही कान हलवला नव्हता.

"पुन्यांदा काढ," आबा म्हणाले. काल तात्या म्हणाले होते तसंच.

मी काढली. मेंढरं चरतच होती.

आणि तेवढ्यात उंचवट्यावरून, पालाकडून, खरी हाळी आली. रोजची वेळ झाली होती. आबांच्या आणि माझ्या कानाला दोन्हीत काहीच फरक नव्हता, शपथेवर सांगतो. पण पलीकडं सगळा कळप एकदम मान वर करून, बें-बें करत, एकमेकींना ढकलत पालाकडं निघाला.

आबांची काठी हळूहळू खाली आली. ते तिथंच बांधावर बसले.

"त्या दिवशी," ते म्हणाले, "मेंढरं माझ्या खाटंला लागून वाघरीत (मेंढरं कोंडायच्या जाळीत) बसली व्हती. हाळी आली. मी उठून बसलो. मेंढरं..." ते थांबले. "येक बी उठलं न्हाई, बाळ्या. रवंथ करत व्हती. मला वाटलं, लय चाललीत आज, दमली असतील."

मी काहीच बोललो नाही. माझ्या आयुष्यातलं हे फार मोठं काम आहे.

"समदं पोरगंटोरगं काढायचं तवा त्याची हाळी," आबा स्वतःशीच बोलायलेले. "गंमत म्हणून. कोणी काढली आसंल... मेंढरांनी सांगितलं व्हतं मला. शेजारी बसून सांगितलं." मग एकदम माझ्यावर खेकसले, "बघतूस काय? हाक मार त्याला."

"त्यांच्या आवाजात?"

"तुझ्या आवाजात मार, गाढवा! म्हणावं, दादारावाचं रान रिकामं हाय."

मी ओढ्याच्या काठावर उभा राहून ओरडलो. माझा स्वतःचा आवाज एवढ्या जोरात मी पहिल्यांदाच वापरला असेन. कसा तरी, चिरकाच निघाला. "तात्याऽऽ! दादारावांचं रान रिकामं हाय!"

पलीकडं रुख्मा पळताना दिसली.

अंधार पडायच्या आत कळप ओढा उतरून आला. तात्या शेवटी, एका हातानं काठीवर आणि दुसऱ्यानं त्याच एडक्याच्या पाठीवर रेलून. मी वाकणार नाही याची काळजी घेत होतो. आबा बांधावर उभे. दोघं समोरासमोर आले. आबा म्हणाले, "खंडू, मी ऐकलं तेच सांगितलं व्हतं."

"म्हाईत हाय की. त्याचाच तर राग व्हता. खोटं बोलला असतास तर शिव्या घालून मोकळा झालो असतो."

"मेंढरं उठली न्हाईत त्या दिवशी. आज ध्यानात आलं मला."

तात्यांनी कळपाकडं बघितलं. "अन् मला तरी कुठं सुचलं? मेंढरं माझीच ना."

आबांनी दोन बारीक ठसके दिले, एक मोठा, पांडुरंगा. मग विचारलं, "ताप उतरला का रं त्या दिवशीचा?"

तात्या जे हसले ते खालीच बसले. आबासुद्धा बसले. रुख्मा वाघर लावता लावता डोळे पुसत होती आणि मला ओरडत होती की खुंटा नीट धरा, पाव्हणे, नकला करून जाळी उभी ऱ्हात न्हाई.

आत्यानं टोपलंभर भाकरी, ठेचा आणि पिठलं पाठवलं. आबांनी ज्वारीचं पोतं स्वतः मोजून दिलं, आणि मोजताना मुद्दाम चुकत होते.

सोमवारी कळप बाजारात गेला. एडका विकला नाही म्हणे, तात्यांनीच नको म्हणलं. मी त्याच सकाळी परतीची गाडी धरली. सोडायला आबा फाट्यापर्यंत आले आणि गाडी आली तेव्हा म्हणाले, "काम बरं हाय तुझं." बस, एवढंच. आमच्या घराण्यात एवढं कौतुक कुणाचं झालेलं नाही.

खिडकीशी जागा मिळाली. तळं मागं पडत गेलं. शेषेराव होडीवाल्याला कुणी मारलं, हे अजूनही कुणालाच माहीत नाही. त्याच्या घरच्यांना कधी कळेल असंही वाटत नाही. पण त्या दिवशी बाभळीमागं उभं राहून कुणीतरी तोंडाशी हात धरला होता, अगदी मी धरला तसा, आणि त्याची नक्कल इतकी छान उतरली होती की एका खऱ्या माणसाच्या गवाहीत जाऊन बसली. सेलू येईपर्यंत मी कुणाचा आवाज काढला नाही. जिंतूरपासून कंडक्टर तोच होता, तरीही.

सेलूत उतरलो तर पोरं टपरीवर वाट बघत होती. "काय आणलं रे खुनाच्या गावावरून? काढ की काहीतरी नवीन!"

मी खंडूतात्यांची हाळी काढली. टपरीवाला गाळणं हातात धरून थांबला.

"आयला, हुबेहूब!" पोरं म्हणाली.

"तुम्ही अजून खरी ऐकली कुठं?" मी म्हणलो. "आणि ऐकली तरी तुमचं काय खरं. मेंढरांना विचारा."